राजासॉरसच्या गावाला जाताय? खिसे रिकामे ठेवा

टी-रेक्स कोणालाही ओळखू येतो. राजासॉरस म्हटलं की मात्र समोरचा 'हा कुठला नवीन पिक्चर?' असा चेहरा करतो. खरं तर मुंबईहून पहाटे गाडी काढलीत, तर दिवस मावळेपर्यंत तुम्ही त्याच्या गावाजवळ पोचता.

गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रैयोली नावाचं गाव आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या लोकांना इथे डायनासोरची हाडं मिळाली, अंडीही मिळाली. त्या हाडांवरून २००३ मध्ये डोक्यावर शिंग असलेल्या एका मांसाहारी डायनासोरचं बारसं झालं: राजासॉरस नर्मदेन्सिस. २०१० मध्ये दुसऱ्या एकाला तर गावाचंच नाव मिळालं, राहिओलीसॉरस. आता तिथे म्युझियम आहे, फॉसिल पार्क आहे. आणि हा सगळा मामला आपल्यालाही परका नाही. ज्या काळात ज्वालामुखीचा लाव्हा पसरून आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ घडत होता, साधारण त्याच काळातले हे प्राणी. आपण ट्रेकला ज्याच्यावर पाय ठेवतो तो दगड आणि ही हाडं जवळपास समवयस्क आहेत.

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत फॅमिली ग्रुपवर 'गोवा की महाबळेश्वर?' सुरू झालं, की तुम्ही रैयोली टाका. पुढे कच्छ जोडा. खडीर बेटावरच्या धोलावीराजवळ ज्युरासिक काळातली, दगड झालेली झाडाची खोडं आहेत, आणि तिथे जाणारा रस्ता दोन्ही बाजूंनी पांढऱ्याशुभ्र रणातून जातो. बाबांना ड्रायव्हिंग, आजीला हडप्पाकालीन शहर, धाकट्याला डायनासोर. सगळ्यांची सोय. (आईला सुट्टीत सुट्टी मिळावी असं वाटत असेल, तर चिवड्याचे डबे तुम्ही भरा.)

फक्त एक अट. येताना दगड आणायचा नाही.

'एवढुसा तुकडा, काय होतंय?' हे वाक्य प्रत्येक गाडीत कोणीतरी बोलतंच. काय होतं ते बघा. याच पट्ट्यात धोळी डुंगरी म्हणून गाव आहे. १९८०च्या दशकात भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना तिथे डायनासोरची अंडी आणि शेजारी बारीक हाडं असलेला दगड मिळाला. हाडं पिल्लाची असणार, असं तेव्हा वाटलं. २००१ मध्ये जेफ्री विल्सन या अमेरिकी संशोधकाने तोच दगड पाहिला आणि त्याला त्यात सापाचे मणके दिसले! दगड साफ केल्यावर चित्र स्पष्ट झालं: फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला, साडेतीन मीटर लांबीचा साप आणि शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू. घरट्यावर शिकारीला आलेला साप चिखलाखाली गाडला गेला, तो आहे तसाच. २०१० मध्ये ते संशोधन छापून आलं. सापाचं नाव सनाजेह इंडिकस.

आता विचार करा, त्या दगडातलं ते एक अंडं मधल्या काळात कोणीतरी 'आठवण' म्हणून काढून नेलं असतं तर? अंडं एखाद्या शोकेसमध्ये गेलं असतं, साप दगडात राहिला असता आणि तो तिथे का आला होता हे कधीच कळलं नसतं. फॉसिलची खरी किंमत त्याच्या शेजारी काय पडलंय यात असते. खिशात टाकला की तो नुसता गोल दगड.

कायद्याची गाडी आपल्याकडे फार मागून येते. अशा भूवारशाच्या जतनासाठी केंद्राच्या खाण मंत्रालयाने विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला तो डिसेंबर २०२२ मध्ये. राजासॉरसची हाडं सापडून तेव्हा जवळपास चाळीस वर्षं झाली होती! कुंपण आणि वॉचमन सगळीकडे पुरणार नाहीत. रैयोलीला निदान पार्क आहे. कच्छमध्ये तर अमोनाइटसारख्या समुद्री जीवांचे जीवाश्म उघड्या ओढ्यांमध्ये पडलेले असतात आणि तिथे बघणारे फक्त तुम्हीच असता.

म्हणून उचलायचंच असेल तर मोबाईल उचला. फोटो काढताना बाजूला पेन किंवा नाणं ठेवा, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. लोकेशन चालू ठेवा. काही वेगळं वाटलं तर फोटो जवळच्या म्युझियमला किंवा तुमच्या कॉलेजच्या जिऑलॉजी डिपार्टमेंटला दाखवा. रील नंतर टाका, आणि त्यात नेमकी जागा सांगू नका.

रणाबद्दलही तेच. पावसाळ्यात तिथे पाणी असतं, ते आटून मीठ वर येतं. हा थर वरून कडक दिसतो, खाली मात्र चिखल असू शकतो. ड्रोन शॉटसाठी बाबांना गाडी मिठावर घ्यायला लावू नका. चाकांचे चरे पुढच्या पावसापर्यंत तसेच राहतात, आणि गाडी रुतली तर ढकलायला तुम्हालाच उतरायचंय.