विश्लेषण : ब्रिटनच्या पोलिसांना जुना वॉकीटॉकी का सोडवत नाही?

ब्रिटनमधील पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका सेवेचे सुमारे 3 लाख कर्मचारी आजही ‘एअरवेव्ह’ या रेडिओ जाळ्यावर बोलतात. हे जाळे 2019 मध्ये बंद होऊन त्याची जागा 4जीवरील ‘इमर्जन्सी सर्व्हिसेस नेटवर्क’ घेणार होते. ती मुदत पुढे ढकलली जात आता 2029 वर आली आहे.

एअरवेव्ह का आले?

पूर्वी प्रत्येक परगण्याच्या पोलिसांची यंत्रणा वेगळी होती. शेजारच्या दलाशी थेट बोलणे अवघड आणि बाजारात मिळणाऱ्या स्कॅनरवर कोणीही संभाषण ऐकू शकत असे. 2001 ते 2005 दरम्यान पोलीस दले ‘टेट्रा’ तंत्रज्ञानावरील एअरवेव्हवर आली. बटण दाबताच क्षणार्धात अख्ख्या गटाला आवाज पोहोचतो. टॉवर नसला तरी दोन हँडसेट थेट बोलू शकतात. व्हिडीओ पाठवणे मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचे.

यंत्र आहे, पण...

7 जुलै 2005 च्या लंडन बॉम्बस्फोटांवेळी भुयारी रेल्वेत रेल्वे पोलिसांचाच रेडिओ चालत होता. इतरांना निरोप देण्यासाठी जिने चढून वर यावे लागले. त्यानंतर एअरवेव्ह भुयारात नेण्यात आले. पण 2017 मध्ये मँचेस्टर अरीना स्फोटात 22 जणांचा बळी गेला, तेव्हा सर्व दलांच्या नियंत्रण कक्षांना एकत्र जोडणारा गट उपलब्ध असूनही वापरला गेला नाही, हे चौकशीत समोर आले.

घोडे कुठे अडले?

4जीचे जाळे ‘ईई’ या मोबाइल कंपनीचे, म्हणजे सामान्य ग्राहकही त्यावरच. गर्दीत पोलिसांच्या कॉलला प्राधान्य देता येते. टॉवरविना हँडसेट ते हँडसेट बोलणे मात्र 4जीला सहज जमत नाही. दुर्गम भागांत सरकारला स्वतः टॉवर उभारावे लागले.

पण खरी गोम कंत्राटात आहे. नव्या जाळ्याचे सॉफ्टवेअर मोटोरोलाकडे होते आणि 2016 मध्ये याच कंपनीने एअरवेव्हही विकत घेतले. म्हणजे नवे जाळे जितके लांबेल, तितकी जुन्याची कमाई सुरू! स्पर्धा नियामकाने 2023 मध्ये एअरवेव्हच्या दरांवर मर्यादा घातली. त्यामुळे वर्षाला जवळपास 20 कोटी पौंड वाचतील, असा त्याचा अंदाज होता. मोटोरोलाने निर्णयाला आव्हान दिले, पण अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. तोवर कंपनी नव्या प्रकल्पातून बाहेर पडली होती. 2024 च्या अखेरीस ते काम आयबीएमकडे गेले.

राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या 2023 च्या अहवालानुसार, नव्या जाळ्यावर तोवर सुमारे 2 अब्ज पौंड खर्च झाले होते. जुने बंद करता येत नसल्याने तिजोरीला दोन्ही जाळी पोसावी लागत आहेत. भुयारात किंवा जळत्या इमारतीत नवा हँडसेट जुन्याइतकाच खात्रीने चालेल, हे पटल्याशिवाय अग्निशमन जवान हातातला रेडिओ खाली ठेवणार नाही.