विश्लेषण : एका गाडीची सीट दुसऱ्या गाडीत बसवली तर काय होते? ‘स्पोर्टी’ सीटचा हिशेब बोल्टपासून विम्यापर्यंत

जुन्या हॅचबॅकमध्ये महागड्या मॉडेलच्या खोलगट, लाल शिलाईच्या सीट बसवायच्या आणि गाडीला ‘स्पोर्ट्स कार’चा थाट द्यायचा, हा शौक आता मुंबई-पुण्यापुरता उरलेला नाही. अपघातग्रस्त गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार, इंटरनेटवरील व्हिडीओ आणि वेल्डिंगचे यंत्र असलेले गॅरेज एवढ्यावर तालुक्याच्या गावातही हे काम एका दिवसात होते. पण सीट बदलताना गाडीतील आणखी कोणत्या गोष्टी बदलतात? कायदा याला परवानगी देतो का? आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात हा प्रश्न आज अधिक गंभीर का झाला आहे? याविषयी…

बुलढाण्यात हा प्रश्न का?

जिल्ह्यात घाटाखाली काय किंवा घाटावर काय, खरी दोन दारांची स्पोर्ट्स कार क्वचितच दिसते. पण ‘एमएच-२८’ पाटीच्या साध्या गाड्यांनाही आता तोच रस्ता मिळाला आहे, जो महागड्या गाड्यांना मिळतो. ७०१ किलोमीटरच्या नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. हा महामार्ग जिल्ह्यातील मेहकर, सिंदखेडराजा या भागांतून जातो आणि त्यावर कारसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. चिखली-खामगाव रस्त्यावर ताशी ६० च्या वेगाने धावणारी गाडी तासाभरात त्याच्या दुप्पट वेगाने धावू लागते.

वेग दुप्पट झाला की धडकेच्या वेळची ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. भारत एनसीएपी या १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या चाचणीत गाडी समोरून ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडकवली जाते. ताशी १२० च्या वेगात हीच ऊर्जा सुमारे साडेतीन पट असते. म्हणजे कारखान्यातून आलेली, पाच तारे मिळवलेली सीटही त्या वेगात आपल्या मर्यादेच्या पलीकडे असते. गॅरेजमध्ये पट्टी जोडून बसवलेल्या सीटची तर कुठलीच चाचणी झालेली नसते.

सीट बदलण्याचा मोह कशासाठी?

कारणे तीन असतात. पहिले, दिसणे. दुसरे, आधार. खऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये सीटच्या दोन्ही बाजू उंच असतात, कारण वळणावर शरीर बाजूला फेकले जाऊ नये. तिसरे, वजन. मोटारींच्या शर्यतीत साधारण २५ किलोची विजेवर हलणारी सीट काढून त्याच्या निम्म्याहून कमी वजनाची कवचासारखी सीट बसवली जाते. जगभरातील हौशी मंडळींमध्ये आणखी एक कारण आढळते. स्पोर्ट्स कारचे छत बुटके असते, त्यामुळे उंच चालक दुसऱ्या मॉडेलची ठेंगणी सीट शोधतात.

काही वेळा ही अदलाबदल सरळ जमते. टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड या २०१२ च्या जुळ्या स्पोर्ट्स कार एकाच आराखड्यावर बनल्या, त्यामुळे त्यांच्या सीटची बैठक सारखी आहे. पण एकाच समूहाच्या गाड्या म्हणजे एकच आराखडा असे नसते. चाकणमध्ये बनलेल्या पोलोसारख्या लहान गाडीत त्याच समूहातील मोठ्या, वेगवान सेडानची सीट बसवायची म्हटली, तर नाव एका घराण्याचे असले तरी तळाची रुंदी आणि बोल्टची जागा जुळेलच असे नाही. जुळत नाही तेव्हा वेल्डिंग सुरू होते.

सीट म्हणजे नेमके काय?

खुर्चीवर बसल्यावर भार खाली जातो. गाडीच्या सीटवर धडकेच्या वेळी भार पुढे जातो आणि तो प्रचंड असतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतील १७ व्या नियमानुसार सीटची बैठक गुरुत्वाकर्षणाच्या २० पट झटका सहन करू शकली पाहिजे. १५ किलोची सीट त्या क्षणी ३०० किलोची होते. ७० किलोचा माणूस १,४०० किलोचा होतो. हा भार सेकंदाच्या दहाव्या भागाइतक्या वेळात येतो आणि जातो.

हा भार घ्यायचा कुणी? बऱ्याच गाड्यांत सीटबेल्टचे बक्कल जमिनीला नव्हे, तर सीटच्या सांगाड्याला जोडलेले असते. माणूस पुढे फेकला गेला की बेल्ट ताणतो, बेल्ट बक्कल ओढतो, बक्कल सीटची रेल ओढते, रेल चार बोल्ट ओढते आणि बोल्ट गाडीच्या तळातील आडवी पट्टी ओढतात. याच कारणासाठी बेल्टच्या बैठकीची चाचणी घेताना सुमारे १,३५० किलोइतकी ओढ दिली जाते. बक्कल सीटवर असेल तर त्यात सीटच्या वजनाच्या २० पट भर घालतात. या साखळीतील एक कडी कच्ची असली, तर बाकीच्या कितीही मजबूत असून उपयोग नसतो.

बोल्ट बसला म्हणजे काम झाले का?

नाही. बोल्टच्या डोक्यावर ‘८.८’ किंवा ‘१०.९’ असा आकडा कोरलेला असतो. ती त्याच्या ताकदीची प्रत असते. ८.८ चा बोल्ट तुटायला ४.६ प्रतीच्या साध्या बोल्टच्या जवळपास दुप्पट ताण लागतो. दोन्ही दिसायला सारखेच. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला साधा बोल्ट त्याच छिद्रात व्यवस्थित आवळला जातो, सीट हलत नाही, गाडी वर्षभर चालते. फरक फक्त धडकेच्या दिवशी कळतो.

दुसरा प्रश्न वेल्डिंगचा. गाडीच्या तळाचा पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असतो. ताकद पत्र्यात नसते, त्याखालून जाणाऱ्या आडव्या पट्टीत असते. नवीन बैठक त्या पट्टीऐवजी नुसत्या पत्र्यावर जोडली, तर ओढ बसताच पत्रा कागदासारखा फाटू शकतो. शिवाय आजच्या गाड्यांत उच्च ताकदीचे पोलाद असते. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाभोवतीचा भाग मऊ पडतो. वरून रंग मारला की हे कुणालाच दिसत नाही.

तिसरी गोष्ट उंचीची. जुळवणीसाठी लावलेल्या पट्ट्यांमुळे सीट दोन-चार सेंटीमीटर वर येते. चालकाला समोरचे चांगले दिसते म्हणून तो खूशही होतो. पण बेल्टचा कोन, डोक्यामागील उशीची उंची, स्टिअरिंगपासूनचे अंतर हे सगळे कंब्रेच्या ठरावीक जागेवरून आखलेले असते. ती जागा बदलली की बेल्ट कंबरेच्या हाडावरून सुटून पोटावर येऊ शकतो किंवा शरीर त्याखालून घसरू शकते. मग बेल्ट लावूनही पोटातील अवयवांना इजा होते.

एअरबॅगचे काय?

अनेक गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच असते. सीटखाली दिसणारी पिवळ्या रंगाची जोडणी साधारणपणे एअरबॅगची किंवा बेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेची असते. याशिवाय शेजारच्या सीटवर कुणी बसले आहे का, बेल्ट लावला आहे का, हे ओळखणारे सेन्सरही सीटमध्ये असतात. १ जुलै २०१९ पासून चालक आणि शेजारच्या प्रवाशासाठी बेल्टची आठवण करून देणारी घंटी बंधनकारक आहे.

दुसऱ्या मॉडेलची सीट बसवली की ही जोडणी जुळत नाही आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटतो. येथेच सर्वांत धोकादायक जुगाड होतो. जोडणीत एक रेझिस्टर घातला की संगणकाला एअरबॅग असल्याचा भास होतो आणि दिवा विझतो. दिवा विझला म्हणजे दोष गेला असे मालकाला वाटते. प्रत्यक्षात बाजूची एअरबॅग तेथे नसतेच. पुढे ही गाडी विकली गेली, तर नव्या मालकाला ते कळण्याचा मार्गही उरत नाही.

ज्यांनी सीट बदललेली नाही त्यांनीही सावध राहावे. सीटमधील एअरबॅग ठरावीक शिवणीतून फाटून बाहेर येते. त्यावर जाड, घट्ट कव्हर चढवले तर ती उशिरा किंवा चुकीच्या दिशेने उघडू शकते.

रेसिंगची सीट अधिक सुरक्षित नाही का?

शर्यतीच्या मैदानावर असते, कारण तेथे सीटसोबत चार ते सहा पट्ट्यांचा बेल्ट, छत दबू न देणारा लोखंडी पिंजरा आणि हेल्मेट असे सगळे एकत्र असते. यातील फक्त सीट आणि पट्टे उचलून रस्त्यावरच्या गाडीत आणले तर गणित बिघडते. गाडी उलटून छत दबले, तर तीन बिंदूंच्या साध्या बेल्टमध्ये शरीराला बाजूला झुकायला थोडी जागा मिळते. घट्ट पट्ट्यांनी जखडलेल्या माणसाला ती मिळत नाही. शिवाय दोन दारांच्या गाडीत पाठ न वाकणारी सीट बसवली, तर मागच्या प्रवाशाची बाहेर पडण्याची वाट बंद होते.

सीटच्या रचनेवर किती अवलंबून असते, याचे उदाहरण नाशिकमध्ये बनणाऱ्या महिंद्र थारचे आहे. २०२० मध्ये नवी थार आली तेव्हा तिची एक आवृत्ती मागे समोरासमोर आडव्या बाकांची होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्लोबल एनसीएपीने तिला चार तारे दिले, ते पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटच्या आवृत्तीला. त्याच सुमारास आडव्या बाकांची आवृत्ती कंपनीने बंद केली. जुन्या थारमध्ये आजही हौसेने सीटची मांडणी बदलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. कलम १८२ अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

सीटची संख्या वाढवली किंवा कमी केली, तर ते उघड उल्लंघन आहे, कारण आसनक्षमता आरसीवर लिहिलेली असते. संख्या तीच ठेवून फक्त सीट बदलली, तर आरसीवरील नोंद बदलत नाही, म्हणून अनेक जण हे कायदेशीर समजतात. पण विक्रीपूर्वी प्रत्येक मॉडेलचा नमुना पुण्यातील एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत तपासला जातो आणि मंजुरी मिळते ती त्या सीट, त्या बेल्ट आणि त्या बैठकीसह. तळ कापून, वेल्डिंग करून बसवलेली सीट त्या मंजुरीत बसत नाही. वाहन रस्त्यावर धोकादायक वाटल्यास नोंदणी निलंबित करण्याचा अधिकार कलम ५३ नुसार परिवहन कार्यालयाला आहे. अपंग व्यक्तींसाठी गाडीत बदल करायचे असल्यास मात्र कायद्याने स्वतंत्र वाट ठेवली आहे. त्यासाठी नोंदणी प्राधिकाऱ्याकडे रीतसर अर्ज करावा लागतो.

विम्याच्या बाबतीत नियम साधा आहे. गाडीतील बदल कंपनीला कळवणे ही मालकाची जबाबदारी असते. न कळवलेला बदल अपघाताच्या तपासणीत आढळला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडचणीत येऊ शकतो.

प्रश्न फक्त कारचा आहे का?

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर उलटून पेटली. बसमधील ३३ जणांपैकी २५ जणांचा मृत्यू झाला. बस दाराच्या बाजूवर कोसळल्याने दार बंद झाले आणि वाचलेल्यांपैकी काही जण काच फोडून बाहेर आले. त्या अपघाताचे कारण सीट नव्हते. पण आत बसण्या-झोपण्याची मांडणी आणि बाहेर पडण्याची वाट यांचे नाते त्या रात्री जिल्ह्याने पाहिले. स्लीपर बससाठी ‘एआयएस-११९’ आणि बसच्या बांधणीसाठी ‘एआयएस-०५२’ ही मानके याच कारणासाठी आहेत. पासिंगनंतर वाढवलेली एक बर्थ किंवा संकटकालीन दारासमोर टाकलेली एक सीट ही गाडी बदलण्याचीच गोष्ट आहे. फरक इतकाच, की तेथे धोका शौक करणाऱ्याला नसून तिकीट काढणाऱ्याला असतो.

मग काय करावे?

आरामासाठी सीट हवी असेल, तर त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीची, त्याच वर्षांच्या आसपासची सीट अधिकृत सेवा केंद्रातून बसवणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. त्यात रेल, बोल्ट, बक्कल आणि वायरिंग मूळ आराखड्यातलेच राहते. फक्त दिसण्याचा प्रश्न असेल, तर एअरबॅगची शिवण मोकळी ठेवणारे कव्हर पुरेसे आहे. अपघातग्रस्त गाडीतून काढलेली सीट, बेल्ट किंवा बक्कल मात्र घेऊ नये. एकदा धडकेचा ताण सोसलेला भाग वरून चांगला दिसला तरी पुन्हा तेवढा ताण सोसेल याची खात्री नसते.

जुनी गाडी घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा आधी पेटून मग विझतो का. सीटखालची पिवळी जोडणी मूळ अवस्थेत आहे की मधे वायर जोडली आहे. आणि रेलच्या बोल्टभोवती नव्या वेल्डिंगची किंवा ताज्या रंगाची खूण आहे का. मोबाइलच्या टॉर्चने हे पाहायला पाच मिनिटे लागतात. शंका आल्यास व्यवहार पुढे नेण्यापूर्वी अधिकृत सेवा केंद्रात तपासणी करून घ्यावी. तिचा खर्च नव्या सीट कव्हरपेक्षा फारसा जास्त नसतो.