‘सेल्फ’ची नाडीपरीक्षा

घरातील कर्ता माणूस अंथरुणाला खिळला म्हणजे सल्ले देणाऱ्यांची जशी रीघ लागते, तशी ती गाडी बंद पडली म्हणजेही लागते. एक म्हणतो बॅटरी संपली, दुसरा म्हणतो सेल्फ गेला, तिसरा डिझेलमध्ये पाणी शिरल्याचे छातीठोकपणे सांगतो. औषधे सगळ्यांपाशी असतात. नाडी मात्र कोणी पाहत नाही. या महिन्यात त्या नाडीपरीक्षेविषयीच चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. मराठीच्या मास्तराने मोटारीच्या पोटात डोकावावे हे काही वाचकांस विचित्र वाटेल. परंतु लक्षण पाहावे, त्यावरून कारण शोधावे आणि मगच उपाय करावा, ही शिस्त व्याकरणाला लागू आहे तितकीच यंत्रालाही लागू आहे.

इंदूर-बडोद्याच्या वाचकांसाठी प्रथम आमच्या मुलखाची थोडी ओळख करून देतो. बेळगावहून जांबोटीमार्गे गोव्याकडे निघाले की चोर्ला घाट उतरण्यापूर्वी कणकुंबी लागते. खानापूर तालुक्यातले हे गाव मलप्रभेच्या उगमाचे आणि माउलीदेवीचे. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंची, भोवती दाट रान, आणि पावसाळ्यात चार चार दिवस सूर्यदर्शन नाही. पारवाड, चिगुळे यांसारख्या आसपासच्या गावांतून रात्री-अपरात्री एखाद्या बाळंतिणीला किंवा सर्पदंश झालेल्या माणसाला मोठ्या रुग्णालयात न्यावयाचे, तर खानापूर किंवा बेळगाव गाठावे लागते. अशा वेळी दारातली डिझेलची जीप हा मोठाच आधार असतो. शहरात सेल्फ लागला नाही तर कचेरीला उशीर होतो. येथे त्याची किंमत निराळी असते.

डिझेल इंजिनाला सेल्फची एवढी गरज का, हे आधी समजून घेतले पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलच्या इंजिनात ती नसते. येथे सिलिंडरातली हवा मूळच्या सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शाइतकी दाबली जाते आणि त्या दाबानेच ती इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. विहिरीवरचे जुने किर्लोस्कर इंजिन हँडलने फिरविलेल्या शेतकऱ्यास हा दाब हाताने ठाऊक आहे. आधी डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून दाब मोकळा करायचा, चाकाला वेग आला की खटका सोडायचा, असा तो क्रम. या इंजिनांमागच्या उद्योगाची पहिली पावले आमच्या बेळगावातच पडली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली तेथे सायकलींचे दुकान काढले; 1910 साली ते किर्लोस्करवाडीला गेले; आणि 1946 साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली.

जे काम शेतकऱ्याचा दंड करीत असे, ते मोटारीत सेल्फला करावे लागते. इंजिन नुसते फिरवून भागत नाही, ते पुरेशा वेगाने फिरवावे लागते. वेग कमी पडला तर दाबलेली हवा फटींतून निसटते, तिची उष्णता सिलिंडराच्या थंड भिंती शोषून घेतात आणि डिझेल पेट घेत नाही. म्हणून अर्धवट सेल्फवर पेट्रोलची गाडी एखादे वेळी चालू होते. डिझेलची होत नाही.

मोटारीला विजेचा सेल्फ बसविण्याचे श्रेय मुख्यत्वे अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांचे. कॅडिलॅक कंपनीने 1912 च्या गाड्यांत तो बसविला. तत्पूर्वी केटरिंग यांनी दुकानांतल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटार जोडली होती. जी मोटार क्षणभरच काम करणार आहे, ती लहान असूनही त्या क्षणापुरते मोठे बळ देऊ शकते, हे मर्म त्यांना तेथे उमगले. सेल्फचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या एकाच वाक्यात आहे. तो क्षणाचा मल्ल आहे. सलग दहा-पंधरा सेकंदांहून अधिक किल्ली धरून ठेवू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान एक मिनिट विसावा द्यावा. हट्टाने किल्ली पिळत राहणारा मनुष्य बॅटरी आणि सेल्फ दोन्ही जाळून बसतो.

आता नाडी पाहू. सेल्फचे बहुतेक विकार तो स्वत:च बोलून दाखवितो. ऐकणारा कान मात्र हवा.

किल्ली फिरविताच ‘टक-टक-टक-टक’ असा घाईचा आवाज आला, तर बॅटरी अशक्त आहे किंवा तिची टोके सैल वा मळलेली आहेत, असे बहुधा समजावे. सेल्फच्या पाठीवर जो सोलेनॉइड असतो, तो विजेने ओढला जातो आणि मोटारीचा मोठा खटका जोडतो. पण जोडताक्षणीच बॅटरीचा दाब कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, दाब पुन्हा वर येतो, तो पुन्हा ओढला जातो. हाच तो थरकाप. एकच ठसठशीत ‘टक्’ होऊन पुढे शांतता झाली, तर सोलेनॉइड ओढला गेला, पण मोटारीला पुरेशी वीज पोचली नाही किंवा मोटारच अडकली. सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे स्पर्शबिंदू जळले असतील, मोटारीचे कार्बन झिजले असतील किंवा तारेच्या वाटेत कोठे अडथळा असेल. सेल्फ ‘घुर्रर्र’ करून मोकळाच फिरला आणि इंजिन हलले नाही, तर बॅटरीस दोष देऊ नये. पिनियन, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला बेंडिक्स, पकडत नाही. दातावर दात घासल्याचा कर्कश आवाज आला, तर बेंडिक्सचे किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेले आहेत. आणि इंजिन चालू झाल्यावरही सेल्फ ओरडतच राहिला, तर इंजिन बंद करावे आणि तरीही तो थांबला नाही तर बॅटरीची तार तत्काळ सोडवावी. आतले स्पर्शबिंदू चिकटले आहेत. याउलट सेल्फ जोमाने इंजिन फिरवीत आहे आणि तरी गाडी चालू होत नाही, तर सेल्फ निर्दोष आहे. तेव्हा डिझेलच्या वाटेत हवा शिरली आहे का, पुरवठा बंद करणारा खटका अडकला आहे का, थंडीत हीटर प्लग तापतात का, हे पाहावे. तेथे सेल्फ उतरविणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

कानाच्या परीक्षेनंतर डोळ्याची. हेडलाइट लावून किल्ली फिरवावी. दिवा मिणमिणत विझू लागला, तर बॅटरी, तिची टोके किंवा अडकलेली मोटार यांपैकी काहीतरी. दिवा जराही मंदावला नाही आणि आवाजही आला नाही, तर वीज सोलेनॉइडपर्यंत जातच नाही. किल्लीचा स्विच, रिले किंवा क्लचपाशी असलेला सुरक्षेचा खटका तपासावा.

आणि येथेच सर्वांत मोठा गैरसमज आड येतो. ‘दिवे तर लख्ख लागतात, म्हणजे बॅटरी आणि तारा ठीक; अर्थात सेल्फच गेला,’ हा युक्तिवाद आम्ही इतक्या शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे की तो खोडून काढण्यासाठीच हा लेखप्रपंच. दहावीच्या पुस्तकातला ओहमचा नियम घ्यावा. प्रवाहाला रोधाने गुणले म्हणजे वाटेत हरवलेला दाब मिळतो. समजा, तारेच्या गंजलेल्या टोकाशी ओहमचा अवघा शंभरावा हिस्सा एवढा रोध आहे. हेडलाइटचे दोन दिवे मिळून सुमारे 10 अँपियर घेतात. त्या गंजापोटी त्यांचा दाब 0.1 व्होल्टने घटतो, आणि डोळ्यास फरक कळतही नाही. डिझेल जिपेच्या सेल्फला मात्र 300 अँपियर सहज लागतात. त्याच गंजापोटी तेथे 3 व्होल्ट बुडतात! बारा व्होल्टांच्या संसारात तीन व्होल्टांची चोरी म्हणजे पाव घर लुटले गेले. दिवा लागतो आणि गाडी लागत नाही, या कोड्याचे उत्तर हे असे आहे. जो दोष हलक्या कामात लपतो, तो भारी कामातच शोधावा लागतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका वडापच्या जिपेची गोष्ट. सेल्फ कधी लागे, कधी ‘टक्’ करून गप्प बसे. मालकाने सेल्फची मोटार भरून घेतली. आठ दिवस बरे गेले. मग बॅटरी नवी आणली; पुन्हा तेच. मग सबंध सेल्फच दुसरा बसविला. पोटाला चिमटा घेऊन चालविलेल्या धंद्यात हा तिहेरी खर्च केवढा जड, हे सांगावयास नको. अखेर एका जुन्या ड्रायव्हरच्या ध्यानात आले की, सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची केबल हाताला चटका बसावा इतकी तापते. रोगाचे मूळ तेथेच उघड झाले. इंजिन रबरी गाद्यांवर बसलेले असते, म्हणून विजेला चासीकडे परतण्यासाठी तांब्याच्या विणीची एक पट्टी लावलेली असते. ती अर्थिंगची पट्टी कुजून दोन धाग्यांवर लोंबत होती, आणि वीज बिचारी मिळेल त्या वाटेने, म्हणजे ॲक्सिलरेटरच्या केबलीतून, घरी परतत होती! दिवे चासीवरून वीज घेत, म्हणून ते लख्ख. पट्टी बदलली, आणि गाडी चालू लागली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

ही चोरी पकडण्याचे साधन माफक किमतीत मिळते. त्यास मल्टिमीटर म्हणतात. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून डिझेलचा पुरवठा बंद, एवढी काळजी घेऊन सोबत्यास किल्ली फिरवावयास सांगावे. विसावलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास असावी, 12.2 म्हणजे निम्मी भरलेली. सेल्फ फिरताना ती साधारणत: 9.6 च्या खाली जाऊ नये. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर टेकवून सेल्फ मारावा. 0.3 व्होल्टच्या आत दिसले तर परतीची वाट निर्धोक. एक व्होल्ट दिसला तर अर्थिंग गेले. तसेच धन खुंटीपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टापर्यंत पाहावे. तेथे अर्ध्या व्होल्टाहून अधिक घट नसावी. बॅटरी सशक्त, दोन्ही वाटा स्वच्छ, आणि तरीही सेल्फ रेंगाळतो, असे झाले तरच सेल्फ उतरवावा. त्यापूर्वी नाही.

घाईच्या वेळी केले जाणारे काही उपाय रोगाहून भयंकर असतात. स्क्रू-ड्रायव्हरने सोलेनॉइडचे बोल्ट जोडून गाडी चालू करण्याची कसरत अनेकजण करतात. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती समोरच्या माणसाच्या अंगावर झेप घेते. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडावयाची तर धन टोकास धन, आणि शेवटची ऋण तार बंद गाडीच्या बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूस लावावी. कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने भडकतो. घाटात मदतीला थांबणाऱ्या ट्रकची यंत्रणा बहुधा 24 व्होल्टांची असते. ती 12 व्होल्टांच्या जिपेस कदापि जोडू नये. धक्का देऊन जुनी जीप चालू होते खरी, पण सपाटीवर. घाटाच्या उतारावर बंद इंजिनाने गाडी सोडणे म्हणजे ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी यंत्राची मदत गमावून दरीस आमंत्रण देणे होय. आणि नव्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांना तर धक्क्याचा उपाय करण्यापूर्वी कंपनीची पुस्तिका पाहावी.

आमच्याकडे मिरगाआधी घरे शाकारण्याची, कौले चाळण्याची रीत आहे. त्याच दिवसांत अर्धा तास गाडीसही द्यावा. बॅटरीची तार सोडताना आधी ऋण, जोडताना शेवटी ऋण. टोकांवरचा पांढरा-हिरवा थर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावा, ती घासून, कोरडी करून घट्ट आवळावी आणि वरून व्हॅसलीनचा हात द्यावा. अर्थिंगच्या पट्टीची दोन्ही टोके सोडून तिच्याखालचा गंज खरवडावा. या सेवेस खर्च जवळजवळ नाही. श्रावणाच्या मध्यरात्री अंगणात कण्हणारा रुग्ण असेल आणि किल्ली फिरताच इंजिनाने पहिल्याच हाकेला ओ दिली असेल, तेव्हा त्या अर्ध्या तासाचे मोल घरातल्या प्रत्येकास कळेल.