विश्लेषण : परागकणांची कळ कोणाच्या हाती?

जनुकीय बदल केलेल्या मोहरीचा वाद तणनाशक, मधमाश्या आणि न्यायालय यांच्याभोवती फिरत राहिला. त्यामागचे तंत्र मात्र फुलातील पेशींच्या एका पातळ थरावर उभे आहे. तो थर समजून घेतला, की प्रश्न एकट्या मोहरीचा नाही, हे लक्षात येते. ज्वारी, बाजरी, मका, भात यांच्या संकरित बियाण्याचे भवितव्यही परागकोशातच ठरते.

परागकोशात नेमके काय घडते?

पुंकेसराच्या टोकाशी असलेली छोटी पिशवी म्हणजे परागकोश. कोवळ्या कळीत त्यातील पेशी सारख्याच दिसतात. पुढे काही पेशी परागकण घडवण्याच्या मार्गाला लागतात आणि त्यांच्याभोवती इतर पेशींचे थर तयार होतात. सर्वांत आतला थर म्हणजे ‘टॅपेटम’. तो परागकणांना अन्न पुरवतो, त्यांच्या टणक कवचासाठी सामग्री देतो आणि काम संपले की ठरल्या वेळी नष्ट होतो. तो आधीच नष्ट झाला तर परागकण उपाशी राहतात. रेंगाळला तरीही ते निकामी होतात.

हे वेळापत्रक जनुके सांभाळतात. मोहरीच्या कुळातील ‘अ‍ॅराबिडॉप्सिस’ या लहानशा वनस्पतीवर याचा सर्वाधिक अभ्यास झाला आहे. तिच्यातील ‘ईएमएस-१’ हे जनुक बिघडले तर परागकणांच्या मातृपेशी वाजवीपेक्षा जास्त होतात, पण टॅपेटम तयारच होत नाही आणि शेवटी एकही परागकण हाती लागत नाही. पुढच्या टप्प्यांवर ‘डीवायटी-१’, ‘एएमएस’, ‘एमएस-१’ ही जनुके एकामागून एक कामाला लागतात. साखळीतील एक कडी निखळली, तरी झाड नरवंध्य होते. स्त्रीकेसर मात्र धडधाकट राहतो.

शेतकऱ्याचा याच्याशी संबंध काय?

संकरित बियाण्यासाठी दोन वेगळ्या वाणांचा संकर करावा लागतो. कपाशीचे फूल मोठे असल्याने कळीतले पुंकेसर हाताने काढता येतात. सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी विकसित केलेला आणि १९७० मध्ये आलेला ‘एच-४’ हा संकरित कापूस याच कष्टाच्या कामावर उभा राहिला. ज्वारीच्या कणसात मात्र हजारो बारीक फुले असतात. तिथे हातांचे काम नाही. म्हणून मादी वाणच नरवंध्य असावा लागतो. असे नरवंध्यत्व ज्वारीत कसे मिळवायचे, हे स्टीफन्स आणि हॉलंड यांनी १९५४ मध्ये टेक्सासमध्ये दाखवले. दहा वर्षांनी, १९६४ मध्ये, भारतात ‘सीएसएच-१’ ही संकरित ज्वारी आली. महाराष्ट्राच्या बोलीत ‘हायब्रीड’ हा शब्द रुळला त्यामागे हीच ज्वारी आहे. शेतकऱ्याच्या रानात पुन्हा दाणा भरावा म्हणून नर वाणाकडून प्रजननक्षमता परत आणणारे जनुक यावे लागते, तेही या पद्धतीत येते.

मग धोका कुठे आहे?

अमेरिकेतील मक्याने तो दाखवून दिला. तिथे बहुतांश संकरित मक्यात ‘टेक्सास’ नावाने ओळखले जाणारे नरवंध्यत्व वापरले जात होते. मातेकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियातील एक जनुक टॅपेटम बिघडवत असे. त्याच जनुकामुळे एका करपा बुरशीच्या विषापुढे संपूर्ण झाड हतबल होत असे. १९७० मध्ये त्या बुरशीची साथ आली आणि देशाचे सुमारे १५ टक्के मका पीक गेले.

आपल्याकडे बाजरीचे झाले ते थोडे वेगळे. १९६५ मध्ये आलेल्या ‘एचबी-१’सह सुरुवातीच्या अनेक संकरित वाणांची माता एकच होती : अमेरिकेतून आणलेली ‘टिफ्ट २३-ए’. ती गोसावी म्हणजेच केवडा रोगाला बळी पडणारी निघाली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बाजरीला मोठा फटका बसला. दोष नरवंध्यत्वाच्या जनुकाचा नव्हता, तर एकाच मातेवर विसंबण्याचा होता.

मोहरीत वेगळे काय केले?

मोहरीचे फूल लहान आणि बहुतांशी स्वपरागित. १९९० मध्ये बेल्जियम व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी जिवाणूतील ‘बार्नेज’ हे जनुक फक्त टॅपेटममध्ये चालू करून झाड नरवंध्य केले. त्यासाठी तंबाखूच्या एका जनुकाची कळ वापरली. बार्नेजला रोखणारे ‘बारस्टार’ दुसऱ्या वाणात घातले, की संकरित पिढीत पुन्हा परागकण येतात. दिल्ली विद्यापीठात डॉ. दीपक पेंटल यांच्या चमूने याच मार्गाने ‘डीएमएच-११’ तयार केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिला पर्यावरणीय प्रसारणाची मंजुरी मिळाली. २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मंजुरीबाबत वेगवेगळे निकाल दिले. मात्र जनुकीय पिकांसाठी राष्ट्रीय धोरण हवे, यावर दोघांचे एकमत झाले. बीजोत्पादनात निवडीसाठी घातलेले तणनाशक-सहनशील जनुक शेतात तणनाशकाचा वापर वाढवेल का, हा आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर हवेच.

धोरणात काय असावे?

राष्ट्रीय धोरण केवळ ‘जीएम हवे की नको’ यावर अडकू नये. नरवंध्यत्व निसर्गात सापडलेले असो वा प्रयोगशाळेत घडवलेले, त्याचा उगम कोणता आणि एकाच उगमावर किती क्षेत्र उभे आहे, याची नोंद प्रत्येक संकरित वाणासाठी बंधनकारक असावी. कृषी विद्यापीठांनी प्रत्येक मुख्य पिकात नरवंध्यत्वाचे एकाहून अधिक उगम जपावेत आणि त्यासाठी स्वतंत्र निधी मिळावा. संकरित पिकाचे बी राखून पुढच्या वर्षी पेरले तर पीक एकसारखे येत नाही. म्हणून शेतकरी दरवर्षी दुकानात जातो. मातृवाण सार्वजनिक संस्थेकडे असेल तर त्या दुकानात त्याला निवड उरते. तो एकाच कंपनीच्या तिजोरीत असेल, तर भाव आणि जोखीम दोन्ही तिथेच ठरतात. मका आणि बाजरीने पन्नास वर्षांपूर्वी दिलेला धडा पुन्हा पैसे मोजून शिकण्याची गरज नाही.