आधी शोधा, ऊस अडलाय कुठे!

दोस्तांनो, या आठवड्यात दोन पत्रं एकदम हाती आली आणि गंमत म्हणजे दोन्हींतला प्रश्न एकच!

पहिलं पत्र इंदापूर तालुक्यातलं, भवानीनगरजवळच्या एका नववीतल्या मुलाचं. तो लिहितो, "दादाचा जुना कॉम्प्युटर आता माझ्याकडे आलाय. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी ४५० बोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. फोर्झा होरायझन ५ अडखळत चालतो. मित्रांबरोबर माइनक्राफ्टचं मोठं जग उघडलं की झटके बसतात. उसाचं बिल जमा झालं की पप्पा एकदाच पैसे देणार आहेत. कोणता प्रोसेसर घेऊ?"

दुसरं पत्र बारामतीच्या आठवीतल्या मुलीचं. तिच्याकडे आय-५ ७४०० प्रोसेसर आहे. मामा म्हणतो, त्याच पिनांचा नवा आठव्या पिढीचा प्रोसेसर आणू, सरळ बसेल. तिला शंका आहे, "खरंच बसेल का हो?"

पहिल्या पत्रातल्या 'एकदाच' या शब्दाखाली मी रेघ ओढून ठेवली आहे. लागणीपासून तोडणीपर्यंत वर्ष-दीड वर्ष शेतात उभ्या राहिलेल्या उसाचे ते पैसे. चुकीच्या डबीवर गेले तर पुढचा हंगाम येईपर्यंत गेम तसाच अडखळणार आणि वर पप्पा म्हणणार, "आता काय झालं?" म्हणून आज नावं सांगण्याआधी एक युक्ती सांगतो. ती एकदा जमली की दुकानदार काहीही म्हणो, तुम्हाला कुणी गंडवू शकणार नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी साखर कारखाना आतून पाहिला असेल. शेतातला ऊस ट्रक-ट्रॅक्टरमधून यार्डात येतो. यार्डातून गव्हाणीत पडतो. गव्हाण तो मिलकडे ओढत नेते, मिल रस काढते, रस उकळून आटतो, पॅनमध्ये साखरेचे दाणे धरतात आणि शेवटी पोती भरली जातात. आता समजा, पॅन भरून वाहायला लागले आहेत. अशा वेळी मिल दुप्पट वेगाची बसवली तर पोती दुप्पट निघतील का? छे! उलट मिल थांबवूनच ठेवावी लागेल. पोती किती निघणार हे सर्वांत हळू चालणारा विभाग ठरवतो, सर्वांत वेगवान विभाग नाही.

तुमच्या कॉम्प्युटरचंही अगदी तसंच. शेत म्हणजे डिस्क, तिथे सगळा गेम साठवलेला. यार्ड म्हणजे रॅम, आत्ता लागणारा माल तिथे येऊन थांबतो. गव्हाण म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी, अतिशय चपळ स्मृती. तिला कॅश म्हणतात. मिल म्हणजे प्रोसेसरचे कोअर. गाडी कुठे वळली, कोण कुणाला धडकलं, पुढच्या क्षणी कुठे काय दिसायला हवं, हे सगळं प्रोसेसर ठरवतो. आणि ते चित्र प्रत्यक्ष रंगवतं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे आपले पॅन आणि त्यापुढची यंत्रं.

आता थोडं गणित. घाबरू नका, भागाकारच आहे! पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे फ्रेम, हव्या असतील तर एका फ्रेमला किती वेळ मिळतो? १००० मिलिसेकंद भागिले ६०, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद. समजा एका फ्रेमसाठी प्रोसेसरला १० मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला २२. दोघं एकाच वेळी कामाला असतात, कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढची तयार करतो. तरीही फ्रेम निघणार दर २२ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला साधारण ४५. तुम्ही भारी प्रोसेसर आणून १० चे ६ केलेत, तरी उत्तर ४५ च! पैसे गेले, फ्रेम तेवढ्याच. पण उलट असेल, म्हणजे प्रोसेसरला २२ आणि कार्डाला १० लागत असतील, तर नव्या प्रोसेसरने २२ चे १४ झाले की ४५ च्या जागी ७१ फ्रेम. हाच प्रोसेसर, हीच किंमत. एका घरी वाया, दुसऱ्या घरी सोनं.

मग आपल्या घरी कोणता विभाग अडलाय हे ओळखायचं कसं? त्याला एक पैसाही लागत नाही.

गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन व्ही-सिंक बंद करा आणि फ्रेमवर मर्यादा घातली असेल तर काढा. मग विंडोजची कळ आणि जी एकत्र दाबा. परफॉर्मन्सची छोटी चौकट येईल, तिच्यात प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि फ्रेम यांचे आकडे दिसतात. आता गेममधली एकच जागा किंवा एकच शर्यत निवडा आणि वहीत आकडे लिहा. नंतर रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणा आणि तीच शर्यत पुन्हा खेळा. चित्र लहान झालं, म्हणजे रंगवणाऱ्याचं काम हलकं झालं. फ्रेम चांगल्या वाढल्या तर अडवणारं ग्राफिक्स कार्ड आहे. फ्रेम जवळपास तेवढ्याच राहिल्या तर अडवणारा बहुधा प्रोसेसर. रॅमचा आकडा शंभराला टेकला असेल आणि डिस्कचा दिवा सारखा लुकलुकत असेल, तर यार्डच लहान पडतंय.

इथे एक फसवी जागा आहे बरं का! प्रोसेसरचा आकडा ४० टक्के दिसला की आपल्याला वाटतं, तो तर निवांत आहे. पण सहा कोअरपैकी एकच घामाघूम झाला असेल आणि बाकीचे बसून असतील, तरी सरासरी कमीच दिसते. माइनक्राफ्टमध्ये असं पुष्कळदा होतं, कारण त्या जगाचा मुख्य हिशेब एकाच कोअरवर चालतो. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक बनवला, तो अनेक प्रोसेसर एकत्र जोडूनच. पण त्यासाठी काम वाटता यावं लागतं. जे काम वाटता येत नाही, त्याला जास्त कोअर देऊन उपयोग नाही. तिथे एकेक कोअर चपळ हवा.

आता भवानीनगरच्या दोस्ता, तुझं उत्तर. फोर्झात रिझोल्यूशन कमी केल्यावर फ्रेम वाढल्या, तर तिथे तुझं कार्ड अडतंय. प्रोसेसर बदलून तो खेळ फारसा सुधारणार नाही. सावल्या, प्रतिबिंबं अशा सेटिंग खाली आण, फुकटात सुधारेल. दुसरं, तुझी रॅम एकाच पट्टीची आहे. म्हणजे यार्डाला एकच फाटक! तशीच, त्याच वेगाची दुसरी ८ जीबी पट्टी बसवली की यार्ड दुप्पट होतं आणि फाटकंही दोन होतात. पहिला खर्च हाच कर.

त्यानंतरही माइनक्राफ्ट झटके देत असेल, तर मात्र प्रोसेसरची पाळी. आणि तू नशीबवान आहेस! तुझ्या बोर्डाच्या खाचेला एएम४ म्हणतात. २०१७ पासूनचे अनेक रायझन त्यात बसतात, ५००० मालिकेतलेसुद्धा. तुझ्याकडचा २६०० हा २०१८ चा. २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० बघ. दोन्हींचे कोअर सहाच, दोन्हींचा नेमलेला वीजवापर ६५ वॉटच. वेग ३.९ गिगाहर्ट्‌झवरून ४.४ पर्यंत, म्हणजे कागदावर थोडाच. तरी ५६०० बराच चपळ ठरतो, कारण तो प्रत्येक ठोक्याला जास्त काम उरकतो आणि त्याची मोठी कॅश १६ ऐवजी ३२ एमबी आहे. जानेवारी २०२४ मधल्या रायझन ७ ५७००एक्स३डी मध्ये तर ती ९६ एमबी आहे. गव्हाण एवढी लांब की मिलला उसासाठी थांबावंच लागत नाही! पण तो मिळाला तरी महाग, त्याच्यासोबत पंखा येत नाही, आणि जीटीएक्स १६५० च्या जोडीला तो म्हणजे बैलगाडीला ट्रॅक्टरचं इंजिन. तुला ५६०० पुरे.

बारामतीच्या मैत्रिणी, तुझी शंका बरोबर आहे, शाबास! तुझा आय-५ ७४०० हा २०१७ मधला, सातव्या पिढीचा. आठव्या पिढीच्या प्रोसेसरलाही ११५१ च जागा लागतात, दिसायला खाच तशीच. पण जोडणी बदलली आहे, त्यामुळे जुन्या बोर्डावर तो चालत नाही. मामाला प्रेमाने सांग, पिना मोजून सोयरीक जुळत नाही! बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर, त्या बोर्डाला कोणते प्रोसेसर चालतात याची यादी असते. ती यादी म्हणजे पत्रिका. त्यात नाव नसेल तर लग्न रद्द.

तुझ्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या मान्य यादीत तुझा प्रोसेसर नाही. म्हणून सेकंडहँड आय-७ ७७०० च्या मागे धावू नकोस. तो बसेल, पण विंडोजची अडचण तशीच राहील. थोडे पैसे साठव आणि बोर्ड, प्रोसेसर, रॅम असा संचच एकदम बदल.

आई-बाबांनो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. बारामतीत चौकशी करा, पुण्याच्या तपकीर गल्लीत करा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा, पण नाव पूर्ण लिहून घेऊन जा. एका अक्षराने घोळ होतो. रायझनच्या नावात शेवटी 'जी' असेल तर त्यात चित्र काढायची सोय आतच असते. ५६०० मध्ये ती नाही. इंटेलच्या नावात 'एफ' असेल तर त्यातही नसते. घरात वेगळं ग्राफिक्स कार्ड नसताना असा प्रोसेसर आणलात, तर पडदा काळाच राहील. जुना माल घेत असाल तर दुकानातच चालू करून बघा आणि पक्की पावती मागा.

प्रोसेसर बदलण्याआधी बोर्डाचं बायोस नवं करावं लागतं, आणि तेही जुना प्रोसेसर आत असतानाच. त्या काही मिनिटांत वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून हे काम यूपीएसवरच करा, नाहीतर दुकानातून करून घ्या. एएम४ प्रोसेसरच्या पिना केसासारख्या नाजूक असतात. पंखा काढताना सरळ वर ओढू नका. आधी कॉम्प्युटर थोडा वेळ चालवून गरम करा, मग बंद करून, वायर काढून, पंखा हळूच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. नवा प्रोसेसर बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण खुणेला जुळवा. तो आपोआप खाली बसतो. जोर लावावा लागला तर समजा, काहीतरी चुकतंय.

आणि हो, सगळ्यात स्वस्त उपाय तर राहिलाच! आपल्याकडचा उन्हाळा, रस्त्याची धूळ आणि हंगामात कारखान्याच्या परिसरात उडणारी काजळी, हे सगळं पंख्यात जाऊन बसतं. प्रोसेसर फार तापला, ९० अंशांच्या आसपास गेला, की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. तेव्हा आधी वायर काढून, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअरने धूळ काढा. पुष्कळांचा 'जुना झालेला' कॉम्प्युटर एवढ्यानेच तरुण होतो.

जाता जाता एक सांगतो. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रं बनतात आणि इस्रोच्या अग्निबाणांचे भागही. त्या अग्निबाणांत २००९ पासून वापरला गेलेला विक्रम १६०१ हा आपल्याच देशात आखलेला प्रोसेसर आहे फक्त १६ बिटांचा. तुमच्या टेबलावरचा रायझन आहे ६४ बिटांचा! विक्रमवर फोर्झा मुळीच चालणार नाही, पण त्याला नेमून दिलेलं काम तो चोख करतो. सर्वांत मोठा प्रोसेसर आणि योग्य प्रोसेसर यांतला फरक तो हाच.

तर या आठवड्याचा गृहपाठ. वहीत चार रकाने आखा: गेमचं नाव, मोठ्या चित्राच्या फ्रेम, लहान चित्राच्या फ्रेम, रॅम किती भरली. तीन गेमचे आकडे लिहा आणि वही पप्पांसमोर ठेवा. "मला प्रोसेसर पाहिजे" या वाक्यापेक्षा त्या चार रकान्यांना घरात जास्त वजन येतं, बघाच करून. आणि आकड्यांनी सांगितलं की काहीच घ्यायला नको, तर तेही मोकळ्या मनाने सांगा. मग पुढच्या वेळी तुम्ही मागाल, तेव्हा घरात दुसऱ्यांदा विचारणार नाहीत.

तुमचे आकडे मला जरूर कळवा हं! भेटू पुढच्या आठवड्यात.