दप्तरी किंमत शून्य

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी कराचीहून निघालेले एक लहानसे विमान जुहूच्या धावपट्टीवर उतरले. आत वैमानिक एकटाच होता आणि त्याचे वय ७८ वर्षांचे होते. विमानही तरुण नव्हते. डी हॅविलंड कंपनीचे ‘लेपर्ड मॉथ’ १९३३ ते १९३६ या काळातच तयार झाले. म्हणजे त्या दिवशी त्याचे वय किमान ४६ होते. वैमानिक होते जे. आर. डी. टाटा. बरोबर ५० वर्षांपूर्वी, वयाच्या २८ व्या वर्षी, ‘पुस मॉथ’ या विमानातून कराचीचे टपाल घेऊन ते याच जुहूला उतरले होते आणि टाटांच्या हवाई टपालसेवेचा आरंभ झाला होता. १९७८ मध्ये एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांच्याकडून काढून घेण्यात आले होते. तरीही १९८२ च्या उड्डाणामागचा हेतू त्यांनी सांगितला तो तरुणांच्या मनात थोडी उमेद जागविण्याचा.

वैमानिकाच्या धैर्याचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते योग्यच होते. मला मात्र बँकेतील नोकरीमुळे एक खोड जडली आहे : जुनी वस्तू समोर आली की आधी तिची कागदपत्रे पाहावीशी वाटतात. व्यापारी घरात घसारा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. टेम्पो, यंत्र, गोदामातील काटा, सारे दरवर्षी दप्तरात झिजते आणि शेवटी किंमत नावापुरती उरते. मग ज्याची दप्तरी किंमत शून्य म्हणावी, अशा लाकडी विमानावर कराची ते मुंबई एवढा भरवसा ठेवला तो कशाच्या आधारावर?

हा प्रश्न अलीकडे घरगुती स्वरूपात माझ्यापुढे आला. घाटकोपरचे माझे एक स्नेही भांड्यांचे घाऊक व्यापारी. तरुणपणी जुहूला त्यांनी खासगी वैमानिकाचा परवाना मिळविला. पुढे लग्न, पेढी, भावांच्या वाटण्या यांत उडणे सुटले. आता पेढी मुलाकडे गेली आणि यांना पुन्हा आकाश खुणावू लागले. मुलांचा विरोध वयाला आहे. वहिनी मात्र वेगळेच बोलल्या. “यांचे हात मला ठाऊक आहेत, भाऊजी. ते विमान किती वर्षांचे आहे, तेवढे पाहून सांगा.”

उत्तर ऐकून त्या दचकल्या. शिकाऊ वैमानिकांचे आवडते ‘सेस्ना १५२’ घ्या. त्याचे उत्पादन १९८५ मध्ये थांबले. जगात कोठेही ते उडत असेल, तर चाळिशी गाठल्याखेरीज राहिलेले नाही. पण विमानाचे खरे वय जन्मसालात सापडत नाही, ते लॉगबुकात असते. सांगाड्याची एक वही, इंजिनाची दुसरी, पंख्याची तिसरी. प्रत्येक उड्डाणाचे तास, बदललेला प्रत्येक भाग, प्रत्येक तपासणी त्यांत नोंदलेली आणि परवानाधारक अभियंत्याची सही खाली. दिवाळीला आपण चोपडीपूजन करतो. पण चोपडी हरवली म्हणून दुकानातील माल भंगारात जात नाही. विमानाच्या वह्या हरवल्या, तर धडधाकट विमानही जवळजवळ भंगाराच्या भावाचे होते.

दुसरी गोष्ट व्यापाऱ्याला चटकन पटणार नाही. वापरल्याने वस्तू झिजते, असा आपला अनुभव. लहान विमानाचे इंजिन मात्र उभे राहून अधिक बिघडते. लायकमिंग या प्रसिद्ध इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूस असतो. विमान आठवडेच्या आठवडे उभे राहिले की त्यावरचे तेल खाली उतरते आणि जुहूसारख्या खाऱ्या, दमट हवेत उघड्या लोखंडाला गंज धरतो. अधूनमधून जमिनीवरच दहा मिनिटे इंजिन चालवून बंद करणे हा त्यावर उपाय नव्हे. तेल पुरेसे तापत नाही, आतला ओलावा उडून जात नाही, उलट वाढतो. म्हणूनच ही कंपनी मोठ्या दुरुस्तीसाठी केवळ तासांची मर्यादा देत नाही; ठरलेले तास किंवा १२ वर्षे, जे आधी होईल ते.

‘लेपर्ड मॉथ’सारख्या विमानाचे दुखणे निराळे. प्लायवुडचा सांगाडा, पंखांवर कापड आणि त्यावर डोपचे थर. त्या काळच्या लाकडी विमानांत सांधे पुष्कळदा केसीनच्या सरसाने जोडीत. केसीन म्हणजे दुधातील प्रथिन. ओल लागली की त्याला बुरशी धरते आणि बाहेरून सुबक दिसणारा सांधा आतून सुटलेला असतो. अशा विमानात डोळ्यांपेक्षा बोटांनी आणि नाकानेही तपासावे लागते. हे काम करणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत. १९८२ च्या कौतुकात त्यांचा वाटा थोडा अधिक यायला हवा होता, असे मला वाटते.

आता माणसाचे. बँकेत दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार झाला नाही, तर खाते निष्क्रिय ठरते. रक्कम कोठे जात नाही, पण ओळख नव्याने पटवावी लागते. वैमानिकाचेही तसेच आहे. वैद्यकीय तपासणी, मग प्रशिक्षकाला शेजारी बसवून उड्डाणे, आणि तो समाधानी झाल्यावरच एकट्याने. परतलेले वैमानिक सांगतात की विमान सांभाळणे हातांना लवकर आठवते. नियंत्रण कक्षाशी बोलणे, तपासणीचा क्रम, ऐनवेळचा निर्णय यांवर गंज अधिक चढलेला असतो. स्नेह्यांना मी इतकेच सुचविले की विमानाच्या वह्या पाहण्याआधी स्वतःची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. मुलांच्या विरोधाचा निकालही तिथेच लागेल. वयाच्या आकड्यावर तो लावणे मला अन्यायाचे वाटते. विमान कसे वागवले आहे हे विचारण्याचा हक्क वहिनींनी सोडू नये.

जुहूचे ते दिवस आता राहिलेले नाहीत. १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाण-शिक्षण धुळ्याला गेले, म्हणजे उपनगरातल्या माणसाला तीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास आला. तरी १५ ऑक्टोबर २०२१ रोजी जुहूच्या धावपट्टीवर पुन्हा एक लहान विमान त्या पहिल्या टपालाच्या स्मरणार्थ उतरले. या वेळी ते भूजहून निघाले होते. विमान होते ‘पिपिस्ट्रेल सायनस’ आणि वैमानिक होती आपल्या बोरिवलीची आरोही पंडित, जिने २०१९ मध्ये अशाच हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला होता.