लेखक कोणाचा? सर्बियन साहित्यातील एक दावा

लेखकाचे गाव ज्या राज्यात, त्या राज्याचा तो लेखक, असे एक पक्ष म्हणतो. त्याचे घराणे आपले, म्हणून तो आपला, असे दुसरा म्हणतो. सीमाभागात हे दोन्ही युक्तिवाद आपल्या परिचयाचे आहेत. माझ्या मते दोन्ही फोल आहेत. आणि त्यांची परिणती पाहायची असेल, तर सर्बियन साहित्याकडे पाहावे.

इव्हो आन्द्रिच १८९२ साली बोस्नियात, क्रोएट कॅथलिक कुटुंबात जन्मले. ‘द्रिना नदीवरील पूल’ ही कादंबरी त्यांनी जर्मनव्याप्त बेलग्रेडमध्ये लिहिली. १९४५ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज सर्बिया, क्रोएशिया, बोस्निया असे तिघे त्यांच्यावर हक्क सांगतात. कादंबरीतील विशेग्रादच्या पुलावर मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी बसतात. त्याच गावात १९९१ साली आन्द्रिच यांचे स्मारक घणाने फोडले गेले. १९९२ साली त्याच पुलावर सर्ब सशस्त्र टोळीने बोस्नियाक नागरिकांना ठार केले. २०१४ साली तेथेच आन्द्रिच यांच्या नावाने दगडी वसाहत उभी राहिली. फोडणाऱ्यांना आणि उभारणाऱ्यांना, दोघांनाही लेखक म्हणजे उताऱ्यावरची जमीनच वाटली.

भाषेवर प्रेम करणाऱ्या थोरांकडूनही ही चूक घडते. गुराखी-शेतकऱ्यांच्या बोलीला साहित्यभाषेचा मान देणारे वुक कराजिच यांचा शब्दकोश १८१८ मध्ये व्हिएन्नात निघाला. धर्मपीठाचा रोष पत्करून त्यांनी सुधारलेली लेखनपद्धती सर्बियाने १८६८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, पूर्णपणे स्वीकारली. हा वारसा वंदनीयच. परंतु आपल्या बोलीगटातील कॅथलिक आणि मुसलमानही सर्बच होत, असे त्यांनी १८४९ मध्ये प्रतिपादिले. ज्यांच्याविषयी हे लिहिले, त्यांना विचारले कोणी होते? संमतीवाचून कोणाला आपला म्हणणे हे अतिक्रमणच होय.

मग निर्णायक पुरावा कोणता? लेखकाची स्वतःची साक्ष. बोस्नियातील मुसलमान कुटुंबात जन्मलेले कादंबरीकार मेशा सेलिमोविच यांनी १९७६ मध्ये सर्बियन अकादमीला लेखी कळवले की, आपण सर्बियन साहित्याचे आहोत; आणि त्याच पत्रात आपले बोस्नियन मूळही मान्य केले. कोणाला हा निर्णय रुचो वा न रुचो, तो बदलण्याचा अधिकार तिऱ्हाइताला नाही.

हाच नियम आपण स्वतःलाही लावला पाहिजे. जी. ए. कुलकर्णी धारवाडात राहिले, म्हणून त्यांची कथा कन्नड होत नाही. तसेच द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती आणि त्यांनी मराठीतही लिहिले, म्हणून ज्ञानपीठ मिळवणारी त्यांची कन्नड कविता आपल्या खात्यावर जमा होत नाही. बेंद्रे यांची निवड आपण निःसंकोच मान्य करू, तेव्हाच सीमाभागातील मराठी माणसाची निवडही मान्य करा, असे शासनाला आणि न्यायासनाला ठणकावून सांगण्याचा नैतिक अधिकार आपल्याला राहील. जो नियम आपल्याविरुद्धही चालतो, त्याच्याच आधारे खटला जिंकता येतो.